तलफ येते तेव्हा

सिगारेट सोडायची असे ठरवलेल्या माणसाला येणारी तलफ फार वेळ टिकत नाही. काही मिनिटे ती जोराने उसळते आणि तेवढा वेळ निभावून नेला तर ओसरू लागते. पुन्हा येते, पुन्हा ओसरते. सोडणाऱ्याचा सगळा कस या मिनिटांत लागतो आणि नेमके तेव्हाच त्याच्याजवळ कोणी नसते. दवाखान्यातली भेट पंधरा दिवसांपूर्वी झालेली असते, घरातली माणसे आपापल्या कामात असतात. ब्रिटनमधल्या 'टेक्स्ट टू स्टॉप' नावाच्या प्रयोगाने या मिनिटांसाठी एक साधी तजवीज केली. तलफ आवरेनाशी झाली की मोबाइलवरून 'क्रेव्ह' एवढा एकच शब्द पाठवायचा. लगेच उलट मेसेज यायचा, लक्ष दुसरीकडे वळवणारा, धीर देणारा. एखादी सिगारेट ओढली गेलीच तर 'लॅप्स' असे कळवायचे. त्यालाही उत्तर येई, सोडण्याचा प्रयत्न पुढे चालू ठेवा असे सांगणारे. ५,८०० जणांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. निम्म्यांना असे मदतीचे मेसेज मिळाले होते, उरलेल्यांना चाचणीत भाग घेतल्याबद्दलचे कोरडे मेसेज. सहा महिन्यांनी लाळ तपासून खात्री केली तेव्हा पहिल्या गटातले १०.७ टक्के आणि दुसऱ्या गटातले ४.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिलेले आढळले.

संकेतस्थळे आणि समाजमाध्यमे स्त्रियांना धूम्रपान सोडायला मदत करतात ती त्यांतल्या माहितीमुळे थोडी आणि सोबतीमुळे बरीच, असे मला या प्रकरणात मांडायचे आहे. ब्रिटन-अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या बाईला ती घातक आहे हे पाकीट उघडतानाच वाचायला मिळते. त्यात भर घालून तिच्या हातून ती सुटेल असे मानायला आधार नाही. रात्री अकरा वाजता उत्तर देणारे, नावगाव न विचारणारे आणि 'आई असून ओढतेस?' असे न म्हणणारे कोणीतरी तिला हवे असते. मोबाइलचा पडदा हे काम करू शकतो, कारण पडद्यावरच्या समुपदेशन केंद्रात शिरताना कोणी बघत नाही. पण हे काम तो आपोआप करत नाही. त्यासाठी पडद्यामागे कोण आहे, काय बोलते आणि कधी बोलते, हे जाणीवपूर्वक ठरवावे लागते.

स्त्रियांसाठी हा विचार वेगळा का करायचा, असा प्रश्न येतो. त्याचे एक उत्तर सिगारेट कंपन्यांच्या इतिहासात आहे. स्त्री हे वेगळे गिऱ्हाईक आहे आणि तिच्याशी वेगळे बोलावे लागते, हे वैद्यकशास्त्राच्या कितीतरी आधी त्यांनी ओळखले होते. १९२९च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणी सिगारेट पेटवून चालल्या. 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून वर्तमानपत्रांत गाजलेला हा देखावा जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी घडवून आणला होता. १९६८ साली फिलिप मॉरिसने खास बायकांसाठी 'व्हर्जिनिया स्लिम्स' बाजारात आणली. नावातच सडपातळपणा आणि जाहिरातींत स्त्रीमुक्तीची भाषा. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा स्त्रियांच्या धूम्रपानावरचा पहिला स्वतंत्र अहवाल यायला मात्र १९८० उजाडले. १९८७ पर्यंत तर त्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या स्तनांच्या कर्करोगाने मरणाऱ्यांच्या पुढे गेली होती. म्हणजे सिगारेट हाती देताना तिच्या आकांक्षेचा, अंगकाठीचा, मैत्रिणींमधल्या प्रतिष्ठेचा बारीक विचार झाला, आणि ती सोडवताना तिच्या हाती पुरुषांच्याच मापाचे पत्रक ठेवले गेले.

दुसरे उत्तर शरीरात आहे. स्त्रियांच्या शरीरात निकोटीनचा निचरा पुरुषांपेक्षा वेगाने होतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी वेगाने, आणि गरोदरपणात तो साधारण ६० टक्क्यांनी वाढतो. निचरा लवकर म्हणजे पुढची तलफ लवकर. निकोटीनच्या चिकटपट्ट्यांचा उपयोग स्त्रियांना पुरुषांच्या मानाने कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांत दिसले आहे. त्यातच सोडल्यावर वजन वाढते. वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो. आरोग्याच्या हिशेबात हे वजन सिगारेटच्या हानीपुढे किरकोळ आहे. पण जिला सिगारेट विकतानाच सडपातळपणाचे आमिष दाखवले गेले, तिला हा हिशेब नुसता ऐकवून भागत नाही. कॅनडातल्या संशोधक लॉरेन ग्रीव्ह्ज यांनी १९९६ साली 'स्मोक स्क्रीन' या पुस्तकात आणखी एक गोष्ट पुढे आणली. अनेक स्त्रिया सिगारेटचा उपयोग राग गिळण्यासाठी, नात्यातला ताण सोसण्यासाठी, दिवसभरात स्वतःचे असे पाच क्षण मिळवण्यासाठी करतात. अशा बाईकडून सिगारेट काढून घेताना ते पाच क्षणही जातात. त्यांच्या जागी काय ठेवणार, याचे उत्तर ज्या कार्यक्रमाकडे नाही तो तिच्या कामाचा नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे 'स्मोकफ्री' हे संकेतस्थळ २००३ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्यात स्त्रियांसाठी वेगळा विभाग आला. त्यात वजन, मनःस्थिती, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे दिवस असे विषय हाताळलेले आहेत. ही दिशा योग्यच आहे. तरी संकेतस्थळ किती चांगले लिहिले आहे यापेक्षा त्याला माणसाची किती जोड आहे, यावर परिणाम अवलंबून असल्याचे पुरावे सांगतात. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात इंटरनेटवरून धूम्रपान सोडवण्याच्या ६७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या; भाग घेणारे १ लाख १० हजारांवर. वापरणाऱ्याच्या उत्तरांनुसार सल्ला बदलणारी संकेतस्थळे छापील पुस्तिकांच्या किंवा नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत यशाची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी वाढवत होती. त्याच इंटरनेटला समुपदेशकाची जोड दिली तेव्हा ही वाढ सुमारे ६९ टक्क्यांवर गेली. पाठोपाठ २०१९ मध्ये मोबाइलवरचा आढावा आला. त्यात मेसेजच्या कार्यक्रमांनी यशाची शक्यता दीडपटीने वाढवली, तर मोबाइल अ‍ॅपचा, साध्या मदतीशी तुलना करता, काहीही जादा फायदा दिसला नाही. पुढे 'आयकॅनक्विट' या एका अ‍ॅपने २०२०च्या चाचणीत बरी कामगिरी केली, तेव्हा अ‍ॅपचे दार बंद झाले असे म्हणता येणार नाही. फरक कशाचा आहे तो मात्र दिसतो. अ‍ॅप उघडावे लागते. मेसेज स्वतःहून येतो. मनाने कच खाल्लेल्या वेळी माणूस सोडण्याचे अ‍ॅप उघडत नाही, हे समजायला मानसशास्त्राची पदवी नको.

न्यूझीलंडमधली २००५ची चाचणी तर या विषयाची जवळजवळ सुरुवातच. १,७०५ धूम्रपान करणाऱ्यांना घेतले होते, बरेचसे तरुण. मदतीच्या मेसेजखेरीज सोडण्याच्या दिवसापासून महिनाभर त्यांना आपल्या मित्रमैत्रिणींशी हवे तितके मेसेज करण्याची फुकट सोय दिली होती. हात आणि मन गुंतून राहावे, हा त्यामागचा विचार. सहा आठवड्यांनी मदतीच्या गटातल्या २८ टक्के लोकांनी सिगारेट सुटल्याचे सांगितले, दुसऱ्या गटातल्या १३ टक्के लोकांनी. आज आपण समाजमाध्यम म्हणतो त्याचे सगळे मर्म मला त्या फुकट महिन्यात दिसते. आपल्या माणसांशी बोलण्याची सोय हाच तिथे उपचाराचा भाग झाला होता.

अमेरिकेतल्या 'ट्वीटटूक्विट' या प्रयोगाने तेच मर्म गटात आणले. कॉर्नेलिया पेचमन आणि ज्युडिथ प्रोचास्का या दोघींच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासात ट्विटरवर वीस-वीस जणांचे बंदिस्त गट केले गेले, शंभर दिवसांसाठी. रोज एक आपोआप येणारा प्रश्न गटात पडे आणि त्यावर बोलणे सुरू होई. चिकटपट्ट्या तुलनेच्या गटालाही दिल्या होत्या, त्यामुळे फरक होता तो गटाचाच. साठ दिवसांपर्यंत सलग दूर राहिल्याचे गटातल्या ४० टक्के लोकांनी सांगितले, तुलनेतल्या २० टक्के लोकांनी. ही आकडेवारी लोकांनी स्वतः सांगितलेली आहे आणि भाग घेणारे अवघे १६० होते, हे विसरून चालणार नाही. एवढ्यावर राष्ट्रीय धोरण उभे राहत नाही. पण गट वीसच जणांचा असणे, बाहेरच्याला तो न दिसणे आणि संभाषण मंदावू नये म्हणून रोज एक प्रश्न टाकणे, या तीन गोष्टी नीट पाहाव्यात. हजारो सदस्यांच्या उघड्या पानावर 'आज चौथा दिवस, अवघड जातंय' असे लिहायला बाई कचरते. वीस ओळखीच्या अनोळखी माणसांत ती लिहिते. कॅनडात व्हँकुव्हरच्या तरुणांबरोबर झालेल्या 'पिक्चर मी स्मोकफ्री' या प्रकल्पात फेसबुकवरच्या गटात आपापल्या आयुष्यातल्या धूम्रपानाची छायाचित्रे काढून टाकायची होती. सिगारेट कुठे, कोणाबरोबर, कशानंतर येते, हे स्वतःच्याच छायाचित्रांत पाहणे वेगळे असते. तज्ज्ञाने काढलेल्या यादीतून ते उमगत नाही.

सगळ्यात अवघड परीक्षा गरोदर स्त्रियांची. लाज, धास्ती आणि गुप्तता इथे सर्वाधिक, म्हणून मोबाइलचा उपयोगही इथेच सर्वाधिक व्हावा, असे वाटते. पुरावा तितका उत्साह देत नाही. ब्रिटनमधल्या 'मायक्विट' या मेसेज-कार्यक्रमाच्या ४०७ स्त्रियांवरच्या चाचणीत ५.४ टक्के विरुद्ध २.० टक्के असे आशादायक आकडे आले होते. सुमारे हजार स्त्रियांवरच्या पुढच्या चाचणीत ते अंतर जवळजवळ मिटले. मला यात माध्यमाच्या मर्यादेबरोबर मजकुराचीही एक चूक दिसते. गरोदर स्त्रीशी बोलणारे बहुतेक संदेश बाळाबद्दल बोलतात: बाळाचे वजन, बाळाचा श्वास. ज्या स्त्रिया बाळासाठी सोडतात त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणी बाळंतपणानंतर वर्षभरात पुन्हा ओढू लागतात, यात नवल काय? ज्या कारणासाठी सोडली ते कारण आता पाळण्यात झोपले आहे. तिचे स्वतःचे फुप्फुस, तिचे हृदय, तिच्या आयुष्याची वर्षे याबद्दल तिच्याशी कोणी बोललेच नव्हते. सांगण्यासारखे मात्र खूप आहे. ब्रिटनच्या सुमारे १३ लाख स्त्रियांवरील 'मिलियन विमेन' अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले, की आयुष्यभर ओढणाऱ्या स्त्रिया सरासरी किमान दहा वर्षे गमावतात, आणि चाळिशीच्या आत सोडली तर त्या जादा मृत्यूंचा धोका ९० टक्क्यांहून अधिक टळतो. बत्तीस वर्षांच्या, तान्ह्या मुलाच्या आईला पाठवायचा मेसेज हा असायला हवा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप परिणामाच्या आकाराचा. शंभरातल्या दहा जणी सुटल्या, मेसेज नसते तरी पाच सुटल्याच असत्या. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला? समोर बसून केलेल्या समुपदेशनाशी तुलना केली तर हे यश कमी आहे, हे मान्य. पण केंद्रात येऊन बसणाऱ्या स्त्रिया किती? जिला नोकरीतून सुटी नाही, मूल सांभाळायला दुसरे कोणी नाही, गावात केंद्र नाही किंवा आपण ओढतो हे नवऱ्यालाही माहीत नाही, ती त्या तुलनेत मोजलीच जात नाही. तिच्यापुढे समुपदेशन आणि मेसेज असा पर्याय नसतो. मेसेज किंवा काहीच नाही, एवढाच असतो. शिवाय एका मेसेजचा खर्च आणि एका समुपदेशकाच्या तासाचा खर्च यांत जे अंतर आहे, त्यामुळे लाखो स्त्रियांपर्यंत पोचणारा छोटा परिणाम हाही सार्वजनिक आरोग्यात मोठा ठरतो. समुपदेशन केंद्रे बंद करून मेसेज सुरू करा, असा अर्थ कोणी काढणार असेल तर त्याला माझा ठाम विरोध आहे. कॉक्रेनचे आकडेच सांगतात की इंटरनेटला समुपदेशकाची जोड असताना फायदा जास्त होतो.

दुसरा आक्षेप गळतीचा. संकेतस्थळावर नाव नोंदवणाऱ्यांतले पुष्कळ जण आठवडाभरात फिरकेनासे होतात. खरे आहे. पण व्यसन सोडण्याचा प्रयत्न क्वचितच एका खेपेत तडीस जातो. बहुतेकांना तो अनेकदा करावा लागतो. म्हणून गळालेली व्यक्ती परत आली तर तिचे स्वागत कसे होते, हा महत्त्वाचा प्रश्न. 'तुमची मालिका तुटली, दिवस शून्यापासून मोजा' असे सांगणारी मोजणी मला क्रूर वाटते. चाळीस दिवस न ओढलेली बाई एका लग्नात दोन सिगारेटी ओढते आणि पडदा तिला शून्य दाखवतो. ते चाळीस दिवस तिने कमावलेले असतात. सुरुवातीच्या ब्रिटिश प्रयोगात 'लॅप्स' कळवण्याची सोय होती, ती याचसाठी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या मंचांवर हे मदतीचे गट चालवायचे, तेच मंच निकोटीनही विकतात. 'जूल' ही ई-सिगारेट २०१५ मध्ये अमेरिकेत आली ती तरुण, टापटीप, हसऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांसह, इन्स्टाग्रामच्या भाषेत. १९२९च्या मिरवणुकीचीच ही नवी आवृत्ती होती. भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली, तरी पडद्यावरच्या छायाचित्रांना सीमा नसते. याखेरीज मंचाला सगळे दिसते: कोण कोणत्या गटात आहे, कोण रात्री उशिरा काय शोधते. सोडण्यासाठी मदत मागणाऱ्या स्त्रीची ही खूण जाहिरातदारांच्या हाती जाणे हा तिचा विश्वासघात ठरेल. म्हणून असे कार्यक्रम सार्वजनिक आरोग्यसंस्थांनी चालवावेत, शक्यतो साध्या मेसेजवर किंवा स्वतःच्या यंत्रणेवर, आणि समाजमाध्यमाचा उपयोग तिथवर वाट दाखवण्यापुरता करावा, असे माझे मत आहे. शत्रू तिथे बसला आहे म्हणून ती जागा सोडून देणे मात्र परवडणारे नाही. मुली तिथेच आहेत.

मराठी वाचकासाठी हा प्रश्न थोडा वेगळे वळण घेतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया २ टक्के, पण धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. महाराष्ट्रात ओढणाऱ्या १.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. त्यात मशेरीचा वाटा मोठा: तव्यावर भाजून काळी केलेली, दाताला आणि हिरड्यांना लावायची तंबाखू. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, म्हणजे प्रामुख्याने मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आपल्याकडे यंत्रणा नाही असे नाही. २०१६ पासून ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर एक मिस्ड कॉल दिला की सरकारकडून व्यसन सोडण्याचे मेसेज सुरू होतात, आणि मिस्ड कॉलची ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिला एक पैसाही लागत नाही. १८००-११-२३५६ ही मदतवाहिनी आहे, २०१८ मध्ये तिची एक शाखा मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात सुरू झाली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापणे सक्तीचे झाले.

पण मशेरी घरात भाजली जाते किंवा सुटी आणली जाते. तिला पाकीटच नसते, मग क्रमांक कुठून दिसणार? आणि फोन तरी कोणाचा? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. इथे फेसबुकचा बंदिस्त गट हे उत्तर नव्हे. आधी सांगितलेले मर्म मात्र इथेही लागू पडते: योग्य वेळी, दोष न देता, तिच्या भाषेत कोणीतरी बोलायला हवे. मशेरीची तलफ अनेकींना पहाटे येते, चूल पेटण्याआधी. म्हणून मेसेज नको, मराठीत रेकॉर्ड केलेला आवाज हवा, दिवस उजाडता उजाडता येणारा. आणि पहिल्यांदा नाव नोंदवायला आशा सेविकेचा हात हवा, कारण त्या घरात ती आधीपासून येते-जाते. नोंदणीचा पहिला प्रश्नही बदलावा लागेल. 'तुम्ही तंबाखूचे सेवन करता का?' या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकते. तिला विचारायला हवे, 'सकाळी दात कशाने घासता?'